खुर्ची उलटी करून बघा

आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिच्यावर बसूनच तुमच्यापैकी कितीतरी जण हे भाषण ऐकत असाल. प्लॅस्टिकची खुर्ची. आपल्याकडे तिला 'फायबरची खुर्ची' म्हणायची पद्धत आहे. मंडपवाल्याला फोन केला की तो विचारतो, "फायबरच्या किती टाकू?" खरे तर या खुर्चीत फायबर, म्हणजे धागा, नावालाही नसतो. पण प्लॅस्टिकच्या ज्या खुर्च्या जगात पहिल्यांदा गाजल्या, त्यांच्यात तो होता. तिथपर्यंत आपण येऊच.

मी साचे करणारा माणूस. पुण्याजवळच्या भोसरीत टूलरूममध्ये पोलादाचे ठोकळे कोरण्यात माझी नोकरी गेली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुतारकाम करीत. १९९३ साली आमच्या टूलरूममध्ये खुर्चीचा पहिला साचा तयार झाला आणि त्यातून निघालेली एक पांढरी खुर्ची मी दिवाळीला घरी घेऊन गेलो. आबा तिच्यावर बसले नाहीत. त्यांनी ती उचलली, वजनाचा अंदाज घेतला आणि पाय वर करून ओट्यावर उलटी ठेवली. बराच वेळ बोटे फिरवून झाल्यावर म्हणाले, "सांधा कुठं हाय रं हिचा?"

मी म्हटले, "सांधाच नाही आबा. अख्खी एकात निघते."

"किती वेळात?"

"मिनिटभरात."

ते काही बोलले नाहीत. सागाची एक चांगली खुर्ची करायला त्यांना चार दिवस लागत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आन् मोडली तर?" मी सहज उत्तर दिले, "तर काय, दुसरी आणायची."

त्या दोन प्रश्नांतला पहिला प्रश्न जगातल्या मोठमोठ्या डिझायनरांनी पंचवीस-तीस वर्षे सोडवत आणला होता, हे मला पुढे वाचन वाढल्यावर कळले. दुसरा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आज जुन्या प्लॅस्टिक फर्निचरला परदेशात 'व्हिंटेज' म्हणून मोठा मान आहे. त्याची गोष्ट समजून घ्यायला हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

लाकडाच्या खुर्चीला सांधे असतात, कारण लाकडात रेषा असते. ते एका दिशेने भार घेते, दुसऱ्या दिशेने चिरते. म्हणून पाय वेगळा, पाठ वेगळी, आणि मग खाच-कुसू पाडून सगळे जुळवायचे. खुर्चीतले कष्ट आणि कसब या सांध्यांत असते आणि खर्चही तिथेच होतो. मग स्वस्त खुर्ची करायची तर सांधे कमी करा, जमल्यास नाहीसेच करा, हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर जोर धरू लागला. तरुण जोडप्यांना घरे हवी होती आणि घरांत कमी पैशांत फर्निचर हवे होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४८ साली स्वस्त फर्निचरची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाच जाहीर केली.

त्या स्पर्धेत चार्ल्स ईम्स यांनी खुर्चीची बैठक आणि पाठ मिळून एकच कवच कल्पिले होते, पण पत्र्याचे. पत्रा महाग पडू लागला, शिवाय अंगाला गार लागे. तेव्हा चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी रे ईम्स कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याकडे वळले. हा कारखाना युद्धकाळात रडारची आवरणे काचेच्या धाग्यांपासून बनवीत असे. काचेच्या बारीक धाग्यांचा थर, त्यावर पॉलिएस्टर राळ, आणि वरून दाब. १९५० साली या कवचाची खुर्ची बाजारात आली. ती खरीखुरी 'फायबरची खुर्ची'! कवच एकसंध होते, पण पाय धातूचे किंवा लाकडाचे, खालून जोडलेले. आबांनी ती उलटी केली असती तर त्यांना सांधे सापडले असते.

हेच शल्य एरो सारिनेन या वास्तुशिल्पकाराला होते. टेबलाखुर्च्यांखालचे पायांचे जंगल त्यांना खुपत असे. त्यांनी १९५७ साली 'ट्युलिप' खुर्ची बाजारात आणली. एकच दांडा, खाली थाळीसारखा पसरलेला, वर फुलासारखे कवच. दिसायला ती एकाच वस्तूतून घडल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात दांडा ॲल्युमिनियमचा आहे, कारण त्या वेळच्या प्लॅस्टिकला एवढ्या बारीक दांड्यावर माणसाचे ओझे पेलेना. म्हणून दांड्याला पांढरा लेप देऊन तो वरच्या कवचाशी जुळवला. सारिनेन १९६१ साली वारले. पूर्ण एकाच पदार्थाची खुर्ची त्यांच्या हातून झाली नाही.

इथे थोडे रसायनशास्त्र सांगतो, अवघड नाही. प्लॅस्टिकच्या दोन जाती असतात. एक अंड्यासारखी. अंडे एकदा उकडले की पुन्हा पातळ होत नाही. बेकेलाइट आणि काचधाग्यांतली राळ या जातीची. दुसरी मेणासारखी. तापवले की वितळते, गार केले की घट्ट होते, पुन्हा तापवा, पुन्हा वितळते. पहिल्या जातीचा माल साच्यात घट्ट व्हायला वेळ खातो आणि काचधाग्याच्या कवचाच्या कडा नंतर घासाव्या लागतात. दुसऱ्या जातीचा दाणा वितळवून पिचकारीसारखा साच्यात मारता येतो. यालाच इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. दोन पोलादी अर्धे मिटतात, दाणा वितळून आत जातो, साच्यातल्या नळ्यांमधून पाणी फिरते, माल गार होतो, साचा उघडतो. सर्वांत जास्त वेळ गार होण्यातच जातो. साचा मात्र फार महाग. आमच्या पहिल्या खुर्चीच्या साच्याच्या पैशांत त्या काळी एखादा बंगला उभा राहिला असता. म्हणून एका साच्यातून हजारो नगे काढली तरच हिशेब बसतो.

या मेणाच्या जातीत घरातल्या फर्निचरला सोसेल असा स्वस्त, हलका आणि चिवट पदार्थ हवा होता. मिलानच्या पॉलिटेक्निकमधले रसायनशास्त्रज्ञ जुलियो नाट्टा यांनी १९५४ साली घट्ट, उपयोगी रूपातले पॉलिप्रॉपिलीन तयार केले. १९६३ साली त्यांना जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबिन डे यांची पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची बाजारात आली. एका साच्यातून आठवड्याला ४,००० कवचे निघत. शाळा, दवाखाने, सभागृहे या खुर्चीने भरून गेली. २००९ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने उत्तम ब्रिटिश डिझाइनची तिकिटे काढली, त्यांत ही खुर्ची होती. डे यांनी कवचाच्या कडा बाहेरून खाली वळवल्या आहेत. कागदाची कड मुडपली की तो ताठ राहतो, तसेच हे. आम्ही साचेवाले ही युक्ती रोज वापरतो. पण इथेही पाय लोखंडी नळीचे होते.

शेवटचे पाऊल टाकण्यात इटली पुढे होती. मिलानमध्ये जुलियो कास्तेल्ली या रसायन अभियंत्याने १९४९ साली 'कार्टेल' ही कंपनी काढली होती. सुरुवात मोटारीच्या टपावर बर्फावरच्या पट्ट्या बांधायच्या घोडीपासून झाली, मग बादल्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू, आणि मग फर्निचर. १९६४ साली मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी कार्टेलसाठी लहान मुलांची खुर्ची केली, पूर्ण प्लॅस्टिकची. मुलांनी एकीवर एक रचून तिचे किल्ले करावेत, असा तिचा आकार. पोराचे वजन ते केवढे. म्हणून हे आधी मुलांच्या खुर्चीत जमले. मोठ्यांची खुर्ची जमवली जो कोलोंबो यांनी. त्यांची 'उनिवेर्साले' ही एबीएस प्लॅस्टिकची खुर्ची १९६७ साली आली. एकाच पदार्थातून इंजेक्शन मोल्डिंगने झालेली मोठ्या माणसांची ही पहिली खुर्ची मानली जाते. पाय प्लॅस्टिकचेच, पण काढता-घालता येणारे. तिच्या पाठीत खाली एक भोक आहे. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. मी तिचे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आले, कारण साच्यातून माल ओढून काढायला कुठेतरी धरायला जागा लागते, हे साचेवाल्याला लगेच कळते. कोलोंबोंनी ती गरज लपवली नाही, तिचेच रूप केले. १९७१ साली, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच ते वारले. जुलियो कास्तेल्लींच्या पत्नी आन्ना यांनी केलेले, एकावर एक चढवायचे गोल कप्पे याच काळातले, आणि त्यांचे उत्पादन अर्धशतक उलटून गेले तरी चालू राहिले.

आता डेन्मार्कचे व्हेर्नर पँटोन. यांना पायच नको होते. जिभेसारखी वळत खाली येणारी, मागचा आधार नसलेली, एका तुकड्याची खुर्ची त्यांनी पन्नाशीच्या दशकापासून डोक्यात धरली होती. ती १९६७ साली जगापुढे आली. पहिली सुमारे दीडशे नगे काचधाग्यांची होती. नंतर कडक फोमची निघाली, त्यांना हाताने घासून रंग द्यावा लागे. १९७१ साली ती इंजेक्शन मोल्डिंगवर आणली, पॉलिस्टायरीनच्या घराण्यातले प्लॅस्टिक वापरून. आता खुर्ची स्वस्त झाली, फासळ्या देऊन मजबूतही केली. आणि मग काही वर्षांत खुर्च्या तुटू लागल्या. ऊन-पाऊस आणि वय यांनी ते प्लॅस्टिक ठिसूळ होत होते. १९७९ साली उत्पादन बंद करावे लागले. पुढे ती पुन्हा फोममध्ये आली, आणि अखेर १९९९ साली पॉलिप्रॉपिलीनमध्ये. पँटोन त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. एका आकारासाठी माणसाने जवळजवळ आयुष्य घालवले असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यांची कीर्ती कळसाला पोचली १९७२ साली. न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियमने इटालियन डिझाइनचे भव्य प्रदर्शन भरवले. आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी मासोने या कारखानदाराने 'फोतय ३००' नावाची खुर्ची काढली. पाय, हात, पाठ, बैठक, सगळे एका फटक्यात. एका खुर्चीला दोन मिनिटांहून कमी वेळ. तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात, ती हिचीच नात-पणती. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. प्लॅस्टिक तेलातून येते, तेव्हा कच्चा माल महागला आणि प्लॅस्टिकबद्दलचे कौतुकही ओसरले. डिझायनर लाकडाकडे वळले. साचा आणि यंत्र मात्र कुणाच्या रुसण्याने थांबत नाहीत. ऐंशीच्या दशकात युरोपातल्या कारखान्यांनी ही एकसंध खुर्ची बागेसाठी म्हणून लाखांनी काढली. तिचे आंतरराष्ट्रीय नाव 'मोनोब्लॉक'. तिची नक्कल जगभर झाली, आणि पाहता पाहता ती कुणाचीच राहिली नाही. सारिनेन आणि पँटोन ज्याच्यामागे लागले होते ते सगळे तिच्यात आहे: एक पदार्थ, एक तुकडा, आणि सर्वांना परवडणारा भाव. तरी जाणकारांनी तिला बरीच वर्षे नाके मुरडली. कारण सोपे होते. ती फारच स्वस्त होती आणि फारच जणांकडे होती.

आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात घराघरांत पोचली. तोवर आमच्या गावात खुर्च्या मोजक्याच होत्या. पाटलांच्या वाड्यात, शाळेत, चावडीवर. त्यांतल्या बऱ्याच आबांनी केलेल्या. पण वाड्यावर गेले की आबा पायरीवर बसत. स्वतः घडवलेल्या खुर्चीवर त्यांना बसलेले मी कधी पाहिले नाही. लग्नकार्यात खुर्च्या वरातीच्या मानकऱ्यांना, बाकीच्यांना सतरंजी. १९९६ साली माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले तेव्हा तालुक्याहून टेम्पोने दोनशे पांढऱ्या खुर्च्या आल्या. सगळ्या सारख्या. मांडवात पाटील आले, शिक्षक आले, भावकी आली, शेतमजूर आले, आणि जो तो मिळेल त्या खुर्चीवर बसला. कुणी कुणाला उठवले नाही. आबा नेहमीप्रमाणे कडेला उभे होते. पाटलांनीच हाताने शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा की मिस्त्री." आबा बसले.

जातपात खुर्चीने गेली असे मी म्हणणार नाही, तेवढा भाबडा मी नाही. पण सतरंजी आणि खुर्ची यांच्यातले ते वीतभर अंतर त्या दिवशी मांडवात नव्हते, हे मी पाहिले आहे. आणि हेही खरे की त्यानंतर गावात आबांकडे नवी खुर्ची करायला कुणी आले नाही. दारे-खिडक्या आणि अवजारे एवढेच काम उरले. ज्या साच्याने त्यांना बसवले, त्यानेच त्यांचे काम नेले, आणि तो साचा करणाऱ्यांत मी होतो. यावर आम्ही बापलेक कधी बोललो नाही.

मुलगी जर्मनीत नोकरीला असल्यामुळे २०१७ साली मला वाइल आम ऱ्हाइन या गावचे व्हिट्रा डिझाइन म्युझियम पाहता आले. तिथे त्या वर्षी या सामान्य पांढऱ्या खुर्चीचेच प्रदर्शन मांडले होते. ज्या संग्रहालयात ईम्स आणि पँटोन यांच्या खुर्च्या मानाने ठेवल्या आहेत, तिथेच ही मंडपातली खुर्ची! माझे पाय थबकले. एका अमेरिकन अभियंत्याने २००१ साली सुरू केलेल्या संस्थेने अशाच खुर्चीला चाके लावून गरीब देशांतल्या अपंगांसाठी स्वस्त चाकाची खुर्ची केली, हेही मला त्याच निमित्ताने कळले.

संग्रहालयवाल्यांची एक अडचण मात्र ऐकण्यासारखी आहे. प्लॅस्टिक कधी मरत नाही असे आपण समजतो. पण साठ-सत्तर सालच्या या वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्या होत आहेत. फोमचा भुगा होतो. एबीएस पिवळे पडते. हवा भरून फुगवायच्या पीव्हीसी खुर्च्यांतून मऊपणासाठी घातलेले द्रव्य पाझरते आणि त्या चिकट होतात. युरोपात २००८ ते २०१२ या काळात अनेक संस्थांनी मिळून प्लॅस्टिकच्या वस्तू कशा टिकवाव्यात यावर संशोधन केले. उजेड कमी, गारवा जास्त, हाताळणी नाही, एवढी बडदास्त ठेवूनही ऱ्हास लांबवता येतो, थांबवता येत नाही. म्हणूनच चांगल्या अवस्थेतली जुनी नगे दुर्मिळ झाली आहेत आणि हौशी लोक त्यांना भरपूर पैसे मोजतात. तुमच्या गच्चीवरच्या खुर्चीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते ना? ते तेच. उन्हाने प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. पण ती खुर्ची ओढ्यात टाकली तर नाहीशी होत नाही; तुकडे होतात आणि तुकडे राहतात. म्हणजे जपायला जावे तर टिकत नाही आणि टाकायला जावे तर जात नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आले होते. त्यांच्या अहवालातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले आहे? आपल्या तांब्याचे, म्हणजे लोट्याचे. लोटा पाहताना काय काय विचार करावा याची त्यांनी यादी दिली आहे. हातात कसा बसतो, पाणी कसे ओततो, डोक्यावर कसा तोलतो, आणि वापरून झाल्यावर मोडीत त्याचे काय मिळते. प्लॅस्टिकची गाजलेली खुर्ची करणाऱ्या माणसांना आपल्या पितळी लोट्यात मोडीचा भाव दिसला, हे मला फार मोलाचे वाटते. आबांचा दुसरा प्रश्न तोच होता.

पॉलिप्रॉपिलीन मेणाच्या जातीचे असल्यामुळे त्याला मोड आहे. भंगारवाला तुटकी खुर्ची घेतो, ती दळली जाते, तिचा पुन्हा दाणा होतो. मात्र दर खेपेला दाणा थोडा कमजोर होतो आणि रंगही मळतो, म्हणून अशा मालाच्या वस्तू बहुधा गडद असतात. आणि स्वस्तासाठी त्यात खडूसारखी भुकटी जास्त मिसळली की खुर्ची लवकर मोडते. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर दोन हलक्या घेण्यापेक्षा एक चांगली घ्या, हा साचेवाल्याचा सल्ला.

मी दिवाळीला नेलेल्या खुर्चीचा मागचा पाय काही वर्षांनी तडकला. मी दुसरी नेणार होतो. गावी जाऊन पाहतो तो आबांनी पायाच्या आतल्या कोनात बाभळीची पट्टी बसवून, तापल्या तारेने भोके पाडून ती पितळी तारेने शिवली होती. सांधा नसलेल्या खुर्चीला त्यांनी सांधा दिला होता. ती खुर्ची आजही आमच्या ओट्यावर आहे आणि तिच्यावर माणूस बसतो.

भाषण संपले की उठा आणि आपली खुर्ची उलटी करून बघा. बैठकीच्या मागे मधोमध लहानसा टेंभा दिसेल, तिथून वितळलेला माल आत शिरला. पाय कोनात दुमडलेले दिसतील, ती डे यांच्या मुडपलेल्या कडेची युक्ती. कुठेतरी त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ते नाट्टांचे पॉलिप्रॉपिलीन. आणि एखादा पाय तडकला असेल, तर फेकण्याआधी तो शिवता येतो का, तेवढे पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)